दग्नाचेव, तू विचारलंस म्हणून

घेऊ का, असं विचारलंस.
हो म्हणायला मी तोंड उघडलं
आणि लाइट गेली.

जुन्या लाडासाठी पेट्रोलच्या रांगेत
अख्ख्या रात्री काढल्यात मी,
सीटवर आडवा, गुडघे स्टिअरिंगला टेकवून.
पहाटे पंपवाला लांबूनच हात हलवायचा : संपलं.
ती रांग सुटली.
ऑइल नाही, प्लग नाही, क्लच नाही.
मेकॅनिक मुलुगेता रस्त्यात दिसला
तर मान फिरवतो,
जसं काही मी त्याच्या मुलीचं लग्न मोडलंय.

पण घरात फ्यूज एकच आहे.
यशीमेबेतने विजेचा मिताद तापवला,
पहिला इंजेरा गोल फिरवून ओतला,
की खट्.
अंधारात ती तवा धरून, मी वायर धरून.
आता मंगळवार-शुक्रवार इंजेराचे,
बाकीच्या रात्री गाडीच्या.
मध्येच पाहुणे आले तर दुसऱ्या दिवशी
मी घरी, गाडी घरी,
गिऱ्हाईक फोनवर ओरडतंय.

तुमच्या अदामाला येताना उतार.
पाय उचलला की गाडी कमावते,
आकडा उलटा चढतो, एक्केचाळीस, बेचाळीस.
खाली जाताना काही हाती लागतंय,
असं माझ्या बाबतीत तरी पहिल्यांदाच.
परतीचा चढ सगळं व्याजासकट वसूल करतो,
त्यात तुझ्या बहिणीने घेतलेली कांद्याची गोणी.
तुमच्याकडे चार्जरवर नऊ गाड्या होत्या,
तसाच निघालो.
दुकेमला चौदा टक्के.
पंखा बंद, रेडिओ बंद,
बायकोला म्हटलं, तूही गप्प बस.
बोलायला बॅटरी लागत नाही, म्हणाली,
आणि कालितीपर्यंत बोलत राहिली.

आवाज नाही, हे खरंच सुख.
फक्त मेर्कातोत गाढवं हटत नाहीत,
शेपटीला बंपर टेकेपर्यंत त्यांना पत्ताच नसतो.
हॉर्न दिला तर गाढववाला मलाच :
चोरासारखा काय येतोस!

बॅटरी म्हातारी झाली की काय, ते विचारू नकोस.
जो तो वेगळा भाव सांगतो.
पुस्तक चिनी भाषेत.
एक लाल दिवा आठ महिने लुकलुकतोय,
त्याच्यावर मी काळी टेप लावलीय.

थांब, लाइट आली.
वायर लावून येतो.
आत यशीमेबेत आंबलेलं पीठ ढवळतेय...
आज वार कोणता रे?