साक्षीपुरावा

अर्जदार : कुष्टा मळीक, वय एकसष्ट, राहणार सोनाळ, सत्तरी.
पाणमांजराचं वय विचारलं नाही कुणी;
त्याचं नाव परिशिष्टात, लॅटिनमध्ये.

समोरचे म्हणाले, पाऊस तर वाढलाय, हे आकडे.
वाढलाय. चार दिवसांत सगळा येतो
आणि चहा न घेताच जातो.
थोरल्या डोहात मार्चात उभा राहिलो मी :
पूर्वी गळा, यंदा गुडघा.
पण म्हादई टीएमसीत मोजतात,
गुडघा धरत नाहीत.

पुढची तारीख पावसाळ्यानंतर.

वाळपईहून शेवटची बस. नदीवर पोचलो तो काळोख.
बॅटरीच्या उजेडात कातळावर
ओली विष्ठा, तीत खवले, खेकड्याची मोडकी नांगी.

कुणीतरी आज इथे हजर होतं,
माझ्या गैरहजेरीत.