व्हिजिटर

एकोणीस वर्षं कॅन्टीनच्या तिसऱ्या खिडकीतून
हे पडकं चर्च बघत मी डबा खाल्लाय.
वर छप्पर नाही. भिंतीतून पिंपळ,
कमानीत पोपट, आणि पत्र्याच्या फाटकाला
आमच्याच सिक्युरिटीचं कुलूप.

मे महिन्यात एक दिवस ते उघडतं.
यंदा मीही आत गेलो,
खरं तर स्कूटर वाटेत लावली होती म्हणून.
"कारतस का जरा?" म्हणाली ती.
ऐंशीच्या पुढची, लाल चौकड्यांचं लुगडं,
रेजिनबाय मिस्किटा, राहणार मरोळ.
गळ्यात कंपनीचं कार्ड : व्हिजिटर.

सवयीनं मी बूट काढायला वाकलो.
"नको कारू बाला, काटं हान."
मग जिथे दार नाही तिथे ती थांबली,
उंबऱ्याइतका पाय उचलला,
कोरड्या कोनाड्यात बोटं बुडवली,
कपाळ, छाती, खांदा, खांदा.

"हिकरं घंटा. हिकरं बायका बसत.
हिकरं माजे आजीचे आजीचा बाप्तिस.
मंग साथ आली. गाव निंगाला.
देव बी नेला."
देव नेला म्हणजे? मला कळेना.
"मंजे उचलून. बैलगारीन."

पुढच्या रविवारी, टायर बघून येतो सांगून,
मी तिच्या नव्या देवळात गेलो.
(चर्चला ती देऊळच म्हणते.
आणि नवं म्हणजे, तिच्या पणजीच्याही आधीचं.)
मिस्सा संपली होती. एक पोरगा
माइकच्या वायरी कोपरावर गुंडाळत होता.
कोपऱ्यात बाप्तिस्म्याचा दगडी हौद,
काठाचा एक टवका उडालेला.
बैलगाडीतून उतरवताना उडाला असेल,
नाहीतर परवाच, शिडी आपटून.
टवक्यात अंगठा ठेवून पाहिला.
नेमका बसला.

सोमवारी जेवायच्या सुट्टीत
सावर्डेकरनं विचारलं, "आज खिडकी नको?"
मी गेटवर गेलो होतो, वही चाळायला.
मिस्किटा, रेजिन. आत : दहा चाळीस.
'कोणाला भेटायचे' ह्या रकान्यात
वॉचमननं आधी लिहिलंय 'चर्च', मग खोडलंय,
शेजारी थरथरतं, उभट, बाईचं अक्षर :
सगल्यांना.

जाण्याची वेळ लिहायची राहून गेलीय.
मी खिशातून पेन काढलं,
टोपण उघडलं,
आणि तसंच लावून परत ठेवलं.