ठिपका

वार्काउसच्या बाहेर, रेतीच्या जुन्या खाणीत
एप्रिल आला की बर्फ मागे सरतो
आणि गेल्या मोसमातली पितळी टरफलं
गवताआधी उगवतात.
मी वाकून वेचतो. थंडगार, आतून ओली.
इल्पो म्हणतो, यंदा पीक बरं आलंय तुझं.

हिवाळाभर मी स्वयंपाकघरात नेम धरत होतो
फ्रिजवर चिकटवलेल्या पत्त्याएवढ्या पुठ्ठ्यावर.
पिस्तूल रिकामं, दोनदा तपासलेलं,
गोळ्या तळघरात, कुलपाआड.
टायमरचा बीप. हात खाली, हात वर.
टिक.
पलीकडे सोइली मोजे विणते.
डिसेंबरात बीपला तिचा टाका चुकायचा,
आता चुकत नाही. तिचा सराव माझ्याहून पक्का.

एक पूर्णांक चार. एक पूर्णांक तीन.
परत एक पूर्णांक चार.
बासष्टाव्या वर्षी एवढ्याशा अपूर्णांकाची
लाज वाटू नये,
पण आमच्या खेळात गुणांना सेकंदांनी भागतात
आणि भागाकार कुणाचं वय विचारत नाही.

आधी मी दोष पट्ट्याला दिला. ताठ पट्टा आणला.
मग होल्स्टरला; ते अर्धा इंच खाली, पाऊण इंच बाहेर.
मग स्प्रिंगला. हलकी घातली,
दोन स्पर्धांत सहा वेळा अडकलं, परत जड घातली.
नाचता येईना म्हणून
मी तीन अंगणं विकत घेतली.

खरं म्हणजे पुढची माशी दिसेनाशी झाली होती.
तीस वर्षं जिच्या टोकावर नजर बसवली
ती काळी, काटेकोर माशी
आता धुरकट, कडा नसलेली,
खिडकीच्या काचेवर कुणी बोट पुसावं तशी.
कुठे माशी शिंकली, विचारत होतो सगळ्यांना,
आणि ती माझ्याच डोळ्यासमोर बसली होती.

ऐलाने तिचं पिस्तूल दिलं. औषधाच्या दुकानात
ती म्हाताऱ्यांशी बोलते त्याच आवाजात म्हणाली,
या काचेतून बघ.
बघितलं. लाल ठिपका,
आणि तो थांबेना. पुठ्ठ्यावर
दिव्याभोवतीच्या किड्यासारखा गरगर.
हे बिघडलंय, म्हणालो.
बिघडलेलं नाही. तू आधीपासून असाच हलतोस.
माशी भिडस्त होती, सांगत नव्हती.

मी बराच वेळ काही बोललो नाही.
आमच्या घरी रविवारी सूप असायचं,
आणि वडिलांचा चमचा ओठांपर्यंत
अर्धाच पोचायचा. दारू, म्हणायचे शेजारी.
ते थेंबाला शिवत नसत.
मी टेबलाच्या फळीतल्या गाठी मोजत बसायचो,
वर बघायला नको म्हणून.

हलू दे, ऐला म्हणाली. ठिपक्याकडे बघू नकोस,
पुठ्ठ्याकडे बघ, जिथे भोक हवंय तिथे.
तिथल्या तिथेच हलतोय ना?
मग दाब. हळू नको. सरळ दाब.

मे महिन्यातली स्पर्धा. आठ पुठ्ठे, दोन पोलादी,
मधे एक दार, दारापलीकडे चिखल.
बीप.
पहिल्या चार पुठ्ठ्यांत मी होतो की नव्हतो, आठवत नाही.
मॅगझिन बदलताना एक चिखलात पडलं, पडू दिलं.
पहिलं पोलाद पडलं. दुसऱ्यावर ठिपका नाचत होता,
मी त्याला नाचू दिला
आणि ठण्ण आवाज आला; मग पोलाद,
जणू विचार करून, मागे कललं.
रिकामं दाखव. दाखवलं. होल्स्टरमध्ये ठेव. ठेवलं.
सत्तेचाळीसांत तेविसावा.
गेल्या वर्षी एकोणिसावा होतो.

इल्पोच्या गाडीच्या बॉनेटवर कॉफी घेतली.
कपात बारीक वर्तुळं उठत होती.
ती मी बघत बसलो.

ठिपक्याचे पैसे ऐलाला अजून द्यायचेत.
ती म्हणते, सावकाश दे, आधी ते पट्टे काढ विकायला.
क्लबच्या फळ्यावर चिठ्ठी लावली आहे:
दोन पट्टे, एक होल्स्टर, उजव्या हाताचं,
जवळजवळ न वापरलेलं.
दोष काही नाही.