खोंगळवाडीच्या वरचं पाणी

पाटोद्याची सकाळची गाडी चुकली,
दुधाच्या टेम्पोत मागे बसून आले.
मांडीवर टेप, उताराची पट्टी, तीन चाळण्या,
आणि ओहोळागणिक एक तक्ता.
तळ: शिळा, गोटा, खडी, वाळू, गाळ.
प्रवाह: उडी, पायरी, खळाळ, संथ, डोह, कोरडा.
खाली बारीक अक्षरात:
एकाच रकान्यात खूण करावी.

वाट दाखवायला आसराबाई.
डोहातल्या सातजणींचं नाव आईनं हिला दिलं,
हिच्याआधीची चार लेकरं राहिली नव्हती म्हणून.
बारा शेळ्या, एक काठी, पायात भावाचे बूट.
"नदी बघायची तर खाली जावा, बाई.
हितं नुसत्या तिच्या मुळ्या."

पहिली मुळी म्हणजे कड्यातली एक भेग.
काळ्या पाषाणाला ओल फुटलेली,
शेवाळाच्या टोकाला थेंब.
तो सुटेपर्यंत मी अकरा मोजले.
रुंदी बोटभर. खोली नखाएवढी.
नखाएवढ्या त्या पाण्याखालीही
काहीतरी चिकटून होतं, श्वास घेत.

दुसरी उतरते गुडघे धरल्यासारखी,
बसत, उठत, पुन्हा बसत:
शिळा, कुंड, शिळा, कुंड.
एका कुंडात सादड्याची पानं कुजून
पाणी कोऱ्या चहासारखं.
त्याच्या खालच्यात, आरपार उजेडात,
दोन मुऱ्या, तोंडं वरच्या अंगाला,
पोहत होत्या आणि जागच्या हलत नव्हत्या.
मी काय लिहू? पायरी? डोह?
दोन्हींवर बारीक टिंब दिलं.

खळाळात हात घालून गोटा उपसला.
पोटाला चपट्या अळ्या, आकड्यांसारखे पाय,
उजेड लागताच कडेला पळाल्या.
"झालं बघून? आता व्हता तसा ठेवा.
पालथा न्हाई. छप्पर हाय ते त्यांचं."
ठेवला. पूर्वीसारखा बसला नाही.
तिनं काठीनं दोनदा ढोसून बसवला.

सहावा सरळ होता.
दोन उन्हाळ्यांमागे पोकलेन आलं, म्हणाली,
आठ दिवसांत वळणं काढून नेली.
रुंदी वरपासून खालपर्यंत तीन मीटर.
तळ मुरूम. काठ कापलेल्या खव्यासारखे.
शिळा नाही, कुंड नाही, सावली नाही.
ह्याचा तक्ता दोन मिनिटांत भरला,
कुठेच खाडाखोड झाली नाही.
आसराबाई खाली उतरली नाही.
काठावर बसून बुटातला खडा काढत राहिली
बराच वेळ.

नववा नकाशावर निळा,
इथे पांढरे गोटे, पौषाचं ऊन,
वाळलेल्या लव्हाळ्यात गुरफटलेली एक प्लास्टिकची दोरी.
मी 'कोरडा'वर खूण केली, टेप गुंडाळली.
ती मात्र फतकल मारून बसली,
खडी बाजूला सारू लागली, मूठ, मग ओंजळ,
कोपरापर्यंत हात आत.
बाहेर आला तेव्हा मनगट ओलं,
बोटांत मातकट खेकडा, नांग्या मिटून, झोपमोड झालेला.
"वर दिसंना म्हणून न्हाई का मग?"
मी काही बोलले नाही.
तिनं त्याला परत आत लोटलं,
खडी ओढली, जसं लेकराला पांघरूण,
आणि शेळ्यांना शिवी दिली.

खोडरबरानं खूण निघाली,
रकाना करडा झाला. तसाच ठेवला.

रात्री लॉजवर मोजे पिळताना
बादलीत टिपकन काही पडलं.
वाळूचे कण लाळेनं जोडून केलेली नळी,
माझ्या करंगळीच्या पेरापेक्षा लहान.
कान लावण्याइतकी मोठी असती तर लावला असता.
एका तोंडातून डोकं निघालं, बघितलं, आत गेलं.

पेल्यात पाणी घातलं. नळाचं होतं,
ते ओतून बाटलीतलं ओहोळाचं घातलं.
टाचणवहीत लिहिलं: उद्या सहाचा टेम्पो, हे परत न्यायचं.
कुठल्या दगडाखालचं,
ते तिलाच विचारावं लागेल.