शीट क्रमांक चार

पिवळा म्हणजे रहिवास. निळा बाजार.
हिरव्यात बांधायचं नाही, विहीर तेवढी चालते.
जांभळा कारखान्याचा; आमच्या गावात तो एकदाच लागला,
बर्फाच्या फॅक्टरीला, नखाएवढा.

सव्वीस वर्षं मी नगरपरिषदेत आरेखक.
आराखडा मंजूर झाला तेव्हा साहेब म्हणाले,
आता नियमावली त्याच्या मापाची करू.
कारण आराखडा बघत होता दोन हजार पंचेचाळीसकडे
आणि नियम अजून कार्बन कॉपीवर,
एका दुमजली कौलारू गावाला दरडावत,
जे गाव आता निम्मं उरलंय.
होडी सुटलेली, नांगर चिखलात.

तर बसलो.
दवाखान्याचं आरक्षण हलवलं. त्या जागेवर तीस वर्षांत
दवाखाना सोडून सगळं उगवलं होतं, काजू धरून.
भाटकरांचं घर हिरव्यातून पिवळ्यात आणलं.
इब्राहिम भाटकर तीनदा विचारून गेले,
म्हणजे आता संडास बांधला तर नोटीस नाही ना?
नाही, म्हटलं.
चौथ्यांदा आले ते पिशवीत तिसऱ्या घेऊन.

पाणंद नऊ मीटर झाली.
कागदावर नऊ मीटर करायला एक पट्टी लागते
आणि माडांकडे न बघायची सवय.

मग सुनावणी. हरकत क्रमांक एकशे सतरा,
शेवंती गिरप, गाबीतवाडी.
बाई टेबलाशी आली. चष्मा नव्हता.
खाडीच्या तोंडापासून बोटानं वाट काढत निघाली,
जेटी, देऊळ, पिंपळाचा पार,
आणि थांबली.
ह्यां पांढरा कित्याक?

रिक्त भूखंड, साहेबांनी वाचलं. विकासयोग्य.

रिकामो खंय तो?
हयसर बांगडो सुकता, गोलमो सुकता, जाळी पसरतंव.

साहेब म्हणाले, आम्ही पाहणी केली आहे. जुलैमध्ये.
काही नव्हतं.

जुलयत?
पावसात जागो निजता, बाबा.
निजलेल्याक मेलो म्हणतास?

कोणी हसलं नाही. पंखा तेवढा फिरत राहिला.
मी व्याख्यांचं पान उघडून बसलो होतो.
जागा: स्थळाला म्हणतात, न निजलेल्यालाही.
पानावर दोन्ही अर्थांनी जागा नव्हती,
भूखंड होता.

रात्री घरी मसुदा लिहिला. कलम अकरा, पोटकलम ड:
मासळी सुकवण्याची खळी जून ते ऑगस्ट निजतात,
त्या काळात त्यांना रिक्त समजू नये.
सकाळी साहेबांनी निजतात खोडलं,
वर बारीक अक्षरात लिहिलं, वापरात नसतात.
बाकी वाक्य राहिलं.
एवढंही राहत नाही सहसा.

रंग मात्र उरला नव्हता.
डब्यातले सगळे कुणाकुणाला देऊन झालेले.
मग आडव्या बारीक रेघा मारल्या,
वाळणीच्या दोऱ्यांसारख्या, एकीत थोडा झोळही आला,
आणि सूचीच्या तळाशी लिहिलं: हंगामी.

एक गोष्ट सुटली.
बाईच्या बोटाचा डाग. तेलकट,
रेघांच्या जरा बाहेर, समुद्राकडच्या अंगाला.
खोडरबरानं जाईना. शीट क्रमांक चार तशीच स्कॅन झाली,
तशीच पुण्याला गेली,
राजपत्रातून परत आली, डागासकट मंजूर.

परवा एका बांधकाम कंपनीचा इंजिनिअर आला,
वाळू न लागलेले बूट,
डागावर पेनाचं टोक टेकवून म्हणाला,
हा कुठला झोन?
सूचीत बघा, म्हटलं.
सूचीत नाही.
मग ऑक्टोबरात या, म्हटलं.
वारा खाडीकडचा असला
तर विचारावं लागणार नाही.