दोन किलो सहाशे ऐंशी

आठ दिवसांचा बाप मी,
वीस वर्षांचा टर्नर.
उद्यमबागेत लेथपुढं उभा राहून
हाताला एवढंच कळलंय :
फिरणाऱ्या वस्तूला खोटं बोलता येत नाही.

खडेबाजारात ईराण्णाच्या दुकानात
अकरा गाड्या ओळीनं, अंगावर प्लॅस्टिक,
एकीवर अस्वलं, एकीवर हसरा चंद्र.
मी उकिडवा बसतो,
चाक उचलून फिरवतो, कान लावतो.
पहिलं लंगडतं.
दुसऱ्याच्या बुशिंगला एवढा प्ले
की सुपरवायझरनं जॉब अंगावर फेकला असता.
ईराण्णा म्हणतो,
मंदी रंग बघत्यात, तुम्ही चाक बघालाय.

मान धरत नाही ती अजून.
मान म्हणजे
हातानं लावलेला, पान्यानं न आवळलेला नट.
म्हणून पाठ सपाट पडायला पाहिजे, पाटासारखी.
पट्टा पाच टोकांचा.
ब्रेक असा बसावा
की उतारानं कितीही बोलावलं तरी उठू नये.
आणि घडीच्या बिजागरीत
मी माझी करंगळी घालून बघतो,
जिचं एक पेर मशीननं आधीच ठेवून घेतलंय.
उरलेल्या बोटाला जास्त समजतं.

गोकाकहून सासूबाई फोनवर,
पाळणा धाडलाय की, गाडी कशाला?
बायको टाक्यांवर हात ठेवून म्हणाली होती,
मी उचलून किती फिरू?
बघून आण. खरं, घाई करू नको.

सहाव्या गाडीचं चाक गप्प फिरतं.
खरं, रिकामी गाडी कुणाचीही चांगलीच चालते.

शेजारी भरमूच्या किराणात जातो.
जोंधळ्याचं पीठ दे.
किती?
दोन किलो सहाशे ऐंशी.
भरमू एकदा माझ्याकडं बघतो,
चिमूट काढतो, चिमूट घालतो.
आकडा थांबतो.
दवाखान्यातही असाच थांबला होता,
आणि मी असाच उभा होतो,
हात पाठीमागं बांधून.

पिशवीला टॉवेल गुंडाळला. पट्टे लावले.
ईराण्णा म्हणाला, जाऊन या, गल्लीच्या टोकापर्यंत.
फरशी, गटाराचं झाकण, हंप,
मग तो खड्डा.
खड्ड्याला आमच्या गावात दोन भाषांत नाव आहे,
हिसका एकच.
टॉवेल हलला. पिशवी हलली नाही.

गणपत गल्लीच्या तोंडाशी
एक म्हातारी डोक्यावरची बुट्टी उतरवून थांबली.
कूसु मलगेद?
मी हूं म्हणालो.
का म्हणालो, ठाऊक नाही.
तिनं वाकून बघितलं नाही,
आपलीच नजर लागेल म्हणून तोंड वळवलं,
कनवटीची दहाची नोट
चाचपत टॉवेलखाली सरकवली,
आणि कानशिलांवर बोटं मोडली.
कडकड आवाज आला,
सगळी बोटं, एकदम.

सांगता आलं असतं. पीठ आहे, आजी.
तोंड उघडलं नाही.
हँडल मात्र फार हळू वळवलं मी,
आणि दुकानापुढं येऊन
ब्रेक दोनदा दाबला.

हीच देतो का बांधून, ईराण्णानं विचारलं.
बांधू नका, म्हटलं. चालवत नेतो.

घरी डबा भरला. नोट गादीखाली तशीच.
बायकोला म्हातारीचं सांगितलं तेव्हा
ती हसली, मग टाके दुखले म्हणून थांबली,
मग बराच वेळ गप्प.

त्या पिठाच्या भाकऱ्या आम्ही चार दिवस खाल्ल्या.
थापताना तिचा हात हलका पडायचा,
मोडताना माझा.
पाचव्या दिवशी डब्याचा तळ दिसला.
गाडीत झोपलेलं वजन तेव्हा
भरमूच्या काट्यापेक्षा
नव्वद ग्रॅम जास्त होतं.