मूठभर गहू

सांगलीत, खणभागात आमची गिरणी. एकतीस वर्षं
मी गव्हाचा फक्त शेवट पाहिला:
वरून दाणा, खालून गरम पीठ,
भुवया कायमच्या पिकलेल्या.
गहू उगवतो हे मला माहीत होतं,
जसं काश्मीर आहे हे माहीत असतं.

शालनचं रक्त सहावर आलं तेव्हा
मिरजेच्या दवाखान्यात शेजारच्या खाटेवरची बाई
औषधाच्या चिठ्ठीमागं लिहून देऊन गेली:
सात कुंड्या. रोज एक पेरायची, आठव्या दिवसापासून
रोज एक कापायची. रस लगेच प्यायचा.
डॉक्टर हसले. म्हणाले, प्या की,
पण गोळ्या चुकवू नका.

कुंड्या कुठल्या, तासगावच्या द्राक्षांचे क्रेट आणले.
माती घरातच होती.
पुराच्या साली नदी गिरणीत आली,
मोटारीच्या पट्ट्यापर्यंत चढली,
आणि जाताना दोन पोती गाळ ठेवून गेली.
तो फेकवला नव्हता. का, ते तेव्हा सांगता आलं नसतं.

गहू मात्र माझा नव्हता.
गिरणीत पोत्यानं गहू असतो, सगळा लोकांचा.
जन्मात पहिल्यांदा गिऱ्हाइकापुढं ओंजळ धरली,
जोगवा मागावा तशी.
बानूबीनं लोकवन दिला, निवडून.
चौगुलेकाकी म्हणाल्या, आम्ही कोंब खात नाही रंगराव,
त्यात जीव असतो.
म्हणाल्या, आणि एका मुठीच्या दोन मुठी दिल्या.
घोरपड्यांच्या सुनेनं रेशनचा दिला, जरा लाजत.
तोच सगळ्यात दाट उगवला.

रात्रभर भिजवायचा, दिवसभर फडक्यात बांधायचा,
मग गाळावर अंथरायचा, दाण्याला दाणा भिडवून,
वर ओला पेपर.
पहिला क्रेट बुरशीनं गेला.
शालन पडल्या पडल्या म्हणाली,
पुराची माती ती, पोटभर प्यालेली आहे,
नुसतं शिंपडा.

मग एका सकाळी दुसऱ्या क्रेटवरचा पेपर
बोटभर वर उचललेला दिसला.
मी दगडाला टाकी लावत होतो,
टाकी तशीच हातात घेऊन उभा राहिलो.
एवढ्याशा दाण्यांनी मिळून
निधनवार्तांचं अख्खं पान
डोक्यावर घेतलं होतं.

मिक्सरच्या पात्याला गवत गुंडाळलं, जळका वास सुटला.
शेवटी पाटा-वरवंटा काढला.
दहा अश्वशक्तीचा मालक मी,
मोरीजवळ उकिडवा बसून वाटू लागलो.
पंचातून पिळलं: चार चमचे, हिरवंगार, वर फेस.
शालननं नाक दाबून घोट घेतला.
बांधावर तोंड घासल्यासारखं लागतंय, म्हणाली.
चोथा गल्लीतल्या गवळ्याच्या म्हशीला जायचा.
तिला फार आवडला.

त्या दसऱ्याला घट बसवणं झालं नाही.
शालन भिंतीला धरत उठली, क्रेटमधली दोन पाती खुडली,
माझ्या टोपीत खोवली.
घटातलंच समजा, म्हणाली.

डिसेंबरात रिपोर्ट आला, साडेनऊ.
डॉक्टर म्हणाले, गोळ्या.
शालन म्हणाली, गवत.
मी गिरणीत येईल त्याला सांगितलं, तुमचा गहू.
कोण खरं, मला कळत नाही.
मला पीठ जाड की बारीक एवढंच कळतं.

त्या गडबडीत एक क्रेट माळवदावर कापायचा राहिला होता.
मार्चात वाळवण घालायला शालन वर गेली,
स्वतःच्या पायांनी, मध्ये एकदाच टेकून,
आणि खाली आली ती मूठ झाकून.
एक लोंबी. किडकिडीत. चोळली तर अकरा दाणे.

तिनं ते माझ्या काट्यावर ठेवले.
काटा हलला नाही.
मग तिनं दळणाची वही ओढली, पेन्सिल थुंकीनं ओली केली,
आणि बानूबीच्या नावाखाली लिहिलं:
शालन. गहू, अकरा दाणे.
दळायचे नाहीत.